भर उन्हाळ्यात एकट्याने पुणे ते महाबळेश्वर सायकलवर : वेळ, पाणी, गिअर आणि पसरणीचा घाट

स्वारगेटहून महाबळेश्वरची बाजारपेठ सुमारे १२० किलोमीटर. वाटेत कात्रज, खंबाटकी आणि पसरणी असे तीन घाट लागतात, आणि पाचगणीपासून पुढे १९ किलोमीटर चढउतार. एकूण चढ दीड हजार मीटरच्या वर जातो. डिसेंबरात हा रस्ता बऱ्यापैकी सराव असलेल्या कुणालाही जमतो. एप्रिल-मेमध्ये तोच रस्ता, तीच सायकल आणि तेच पाय असूनही माणसं पसरणीत चक्कर येऊन बसतात. याचं कारण बहुतेक वेळा ताकद कमी पडणं हे नसतं. वाईतून निघायला झालेला उशीर आणि चुकीच्या बाटलीत भरलेलं पाणी ही खरी कारणं. म्हणून या लेखात तयारीपेक्षा घड्याळावर आणि पाण्याच्या हिशेबावर जास्त भर आहे.

एक अट आधीच सांगतो. १०० किलोमीटरची सपाट राइड आणि सिंहगडासारखा एखादा मोठा चढ, दोन्ही वेगवेगळे न थांबता झालेले नसतील तर ही राइड उन्हाळ्यात एकट्याने करू नका. एक पावसाळा-हिवाळा सराव करा. रस्ता कुठे पळून जात नाही.

उन्हाची सवय : दोन आठवडे आधी

दिवसभर एसीत बसणारं शरीर एका दिवसात उन्हाला सरावत नाही. त्याला १० ते १४ दिवस लागतात. या काळात रोज एक ते दीड तास, थोडं गरम होऊ लागल्यावर, म्हणजे सकाळी साडेआठ ते दहा किंवा संध्याकाळी पाचनंतर, सावकाश सायकल चालवा. वेग महत्त्वाचा नाही, घाम महत्त्वाचा. आठवड्याभरात तीन बदल जाणवतात : घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके उतरतात. शरीरातल्या रक्तद्रवाचं प्रमाण वाढल्याचा तो परिणाम आहे. सराव सुटला की दोन-तीन आठवड्यांत हे सगळं मावळतं, त्यामुळे मार्चमधल्या सवयीवर मे महिन्यात विसंबू नका.

याच दिवसांत आपला घाम मोजून घ्या. तासाभराच्या राइडआधी अंगावर कपडे न ठेवता वजन करा, आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. समजा आधी ७२.४ किलो, नंतर ७१.६ आणि मधे अर्धा लिटर पाणी प्यालात. ०.८ अधिक ०.५, म्हणजे घाम १.३ लिटर. हा आकडा माणसागणिक खूप बदलतो. कुणाचा तासाला पाऊण लिटर, तर कुणाचा दीड. मित्राचं पाण्याचं गणित तुम्हाला लागू पडत नाही ते यामुळेच.

कोणता दिवस, किती वाजता

शनिवार-रविवार टाळा. मे महिन्यात पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते आणि वेण्णा तलावाजवळ ती तासन्तास हलत नाही. थांबलेल्या गाड्यांच्या इंजिनांची धग आणि धूर घेत चढण्यात काही अर्थ नाही. मंगळवार ते गुरुवार सर्वांत बरे.

उन्हाच्या बाबतीत एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. पुण्यात १३-१४ मेच्या आसपास शून्य सावली दिवस असतो आणि वाई थोडी दक्षिणेला असल्याने तिथे तो एक-दोन दिवस आधी येतो. म्हणजे मेच्या मध्यावर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. झाडाची सावली बुंध्याशी गोळा होते, रस्त्यावर पडतच नाही. सकाळी नऊला ज्या झाडांखालून गारव्याने गेलात, तीच झाडं साडेबाराला काही कामाची नसतात.

पसरणी घाट कृष्णेच्या खोऱ्यातून पश्चिमेकडे वर चढतो. त्यामुळे सकाळी ऊन पाठीवर आणि कड्यावर दोन्हीकडे असतं, तर दुपार कलली की पाचगणीच्या पठाराची सावली घाटावर उतरू लागते. या घाटाला दोनच वेळा चांगल्या : सकाळी साडेनऊच्या आत वाई सोडणं, नाहीतर दुपारी साडेचारनंतर. मधल्या वेळेत चढायचं नाही, हा नियम घरातून निघतानाच पक्का करा. घाटाच्या पायथ्याशी उभं राहून घेतलेला निर्णय नेहमी ‘जाऊ की, बारा तर किलोमीटर’ असाच असतो.

साधारण वेळापत्रक असं धरा. पहाटे ४.३० ला स्वारगेट. ५.२५ ला कात्रजचा जुना बोगदा. ७.०० ला शिरवळ, तिथे पंधरा-वीस मिनिटं नाश्ता. ७.५० ला खंडाळा (साताऱ्याचं, लोणावळ्याचं नव्हे), ८.१५ ला खंबाटकीचा माथा, ९.१० ला वाई. ९.३० ला वाई सोडलीत तर ११ च्या आत पाचगणी. शिरवळ सोडताना साडेसात वाजले तर अजून हातात वेळ आहे. आठ वाजले तर मात्र वाईत मुक्काम किंवा संध्याकाळपर्यंत थांबा असंच गृहीत धरून चाला. वेग वाढवून वेळ भरून काढायच्या नादात खंबाटकीतच दम संपतो.

संध्याकाळच्या चढाला एक धोका आहे तो म्हणजे वळीव. मे महिन्यात दुपारी तीन-चारनंतर ढग भरून आले की घाटात वीज आणि वारा दोन्ही येतात. पश्चिमेला काळं दिसत असेल तर वाईतच राहा. साडेचारला निघून सहाला पाचगणी गाठलीत तर पुढचे १९ किलोमीटर अंधारात करू नका, पाचगणीत मुक्काम करा.

सायकल : गिअर आणि टायर

७५ किलोचा माणूस आणि सामानासकट १२ किलोची सायकल, पाच टक्के चढ, ताशी १० किलोमीटर. एवढ्याला पायातून साधारण १३५ वॅट लागतात. शरीराची कार्यक्षमता वीस-बावीस टक्के, म्हणजे उरलेले जवळपास ४८० वॅट निव्वळ उष्णता. ती बाहेर टाकायला तासाला पाऊण लिटरच्या आसपास घाम पूर्णपणे वाळावा लागतो, आणि त्यात डांबराची व उन्हाची धग धरलेली नाही. वेग १२ वर नेलात तर १६५ वॅट लागतात आणि उष्णता त्याच प्रमाणात वाढते. उन्हाळ्यात हलका गिअर लावायचा तो गुडघ्यांसाठी असतोच, पण त्याहून जास्त उष्णतेसाठी.

पुढे ३४ दात्यांची चेनरिंग (पॅडलजवळची दातेरी चकती) आणि मागे ३२ चा मोठा दाता (चाकाजवळची ३२ दात्यांची चकती) असेल तर पॅडलच्या मिनिटाला ७० फेऱ्यांना ताशी ९.४ किलोमीटर पडतात. पसरणीला हे अगदी योग्य. मागे २५ चाच दाता असेल तर त्याच वेगाला फेऱ्या ५५ वर येतात, मांड्या भरतात, आणि मग माणूस नकळत वेग वाढवून फेऱ्या सांभाळतो. जुन्या रोड बाइकवर ११-२५ ची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) असते. ती बदलून ११-३२ घाला. मात्र मागच्या डिरेलरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाची) लांबी पुरते का हे सायकलवाल्याकडून आधी तपासून घ्या, आणि कॅसेटबरोबर चेनही नवी घाला, कारण जुनी चेन छोट्या कॅसेटच्या मापाची असते आणि पुढची मोठी चेनरिंग आणि मागचा मोठा दाता एकदम लावला की डिरेलर ओढून तोडते. हायब्रिडवर बहुधा ३४ चा दाता असतोच, तिथे काही करायला नको.

टायर २८ मिमीचे असतील तर ७५ किलोच्या माणसाला पुढे ७० आणि मागे ७५ पीएसआय पुरे. पहाटे गारव्यात भरलेली हवा उन्हात फुगते : टायर २५ अंशांवरून ५५ वर गेला की ७५ चे ८४ होतात. चांगल्या टायरला हे सहज झेपतं. पण कडेवर छापलेल्या कमाल आकड्याला टेकवून हवा भरायची सवय असेल तर उन्हाळ्यात ती सोडा. कडेच्या रबराला भेगा पडलेला टायर या राइडला नेऊच नका.

चेनला उन्हाळ्यात पातळ, कोरडं तेल किंवा मेण. घट्ट तेलावर शिरवळ-खंडाळ्याची धूळ बसून पन्नास किलोमीटरमध्ये खरकागद तयार होतो. आदल्या रात्री एकेका कडीवर थेंब टाका, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं पुसून काढा. तेल कडीच्या आत हवं, बाहेर दिसता कामा नये.

सोबत काय

दोन ट्यूब, तीन लिव्हर, छोटा पंप, पॅच आणि सोल्युशनची न उघडलेली नळी (उघडलेली नळी उन्हाळ्यात महिन्याभरात वाळून जाते आणि ते नेमकं रस्त्यावर कळतं), अॅलन कीचा संच, चेनटूल, चेनची क्विक लिंक, जुन्या टायरचा चार सेंटिमीटरचा तुकडा आणि एक बारीक टोकाचा चिमटा. पुढचा-मागचा दिवा पूर्ण चार्ज. रोख पाचशे-सातशे रुपये, सुट्ट्यांसह. ओआरएसची सहा पाकिटं. हेल्मेटच्या आत चिकटवलेली चिठ्ठी : नाव, रक्तगट, घरचा नंबर, कुठल्या औषधाची अॅलर्जी असेल तर ती. बेशुद्ध माणसाच्या फोनचं लॉक कुणाला उघडता येत नाही.

त्या चिमट्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या महामार्गावरची बहुतेक पंक्चर काचेने होत नाहीत. ट्रकचे टायर फुटतात आणि त्यातली केसासारखी बारीक पोलादी तार साइडपट्टीवर पसरते. ती टायरमध्ये सरळ शिरते, बाहेरून ठिपकासुद्धा दिसत नाही, आणि हवा पंधरा-वीस मिनिटांत सावकाश जाते. घाईने नवी ट्यूब घातली की तीही अर्ध्या तासात बसते, कारण तार टायरमध्येच असते. म्हणून ट्यूब काढताना व्हॉल्व्हची जागा टायरवर लक्षात ठेवा. काढलेली ट्यूब फुगवून ओठांजवळ फिरवा. ओल्या ओठांना बारीक हवासुद्धा कळते. भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजून टायरवर तीच जागा शोधा, दोन्ही दिशांनी. आतून बोट फिरवू नका, तार बोटात जाईल. कापसाचा किंवा मोज्याचा तुकडा फिरवा, तो जिथे अडकेल तिथे तार. टायर त्या जागी उलटा वाकवला की टोक मिलिमीटरभर वर येतं. ते चिमट्याने धरून सरळ ओढा. हे सगळं सावलीत करा, दहा मीटर पुढे चालत जावं लागलं तरी. तापलेल्या डांबराशेजारी उकिडवं बसून पंधरा मिनिटं पंप मारण्याने चढाइतकाच घाम जातो.

पॅच लावताना सोल्युशन लावून पाच मिनिटं थांबा. चकाकी जाऊन ते मंद दिसलं की मगच पॅच दाबा. ओल्यावर लावलेला पॅच उतारावर रिम तापली की सुटतो.

कपडे

उघडे हात-पाय म्हणजे थंडावा, हा समज चुकीचा आहे. कोरड्या हवेत पांढरी किंवा फिक्या रंगाची, पातळ, पूर्ण बाह्यांची जर्सी किंवा सुटे स्लीव्ह ओले करून घातले तर उघड्या कातडीपेक्षा गार वाटतं, शिवाय चटका बसत नाही. हेल्मेटखाली पातळ सुती टोपी. तिचा फायदा असा की ओतलेलं पाणी ती धरून ठेवते आणि कपाळावरचा मिठाचा घाम डोळ्यांत जात नाही. मानेची मागची बाजू आणि गुडघ्यांच्या मागच्या खळग्यांना सनस्क्रीन विसरतं. दर दोन तासांनी पुन्हा लावा. पॅडेड शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालायचं नाही, आणि मांडीच्या कडेला व्हॅसलीनचा जाड थर. घाम वाळून राहिलेलं मीठ घासलं जातं आणि साठ किलोमीटरनंतर जखम होते.

पाणी आणि मीठ

तीन बाटल्या न्या. दोन पिण्याच्या, प्रत्येकी ७५० मिलिलिटर, आणि तिसरी साध्या पाण्याची, फक्त डोक्यावर ओतायला. तिसरीला रबरबँड गुंडाळून ठेवा म्हणजे न बघता हाताला कळेल. साखरपाणी डोक्यावर ओतलं की पुढचे चार तास केसांपासून चष्म्यापर्यंत सगळं चिकट होतं, आणि मुख्य म्हणजे मीठ जायचं तिथे जात नाही.

पिण्याच्या बाटलीची कृती : ७५० मिलि पाणी, दोन सपाट मोठे चमचे साखर (सुमारे २५ ग्रॅम), चहाचा पाव चमचा मीठ (दीड ग्रॅम, त्यात जवळपास ६०० मिलिग्रॅम सोडियम), अर्धं लिंबू. घामाने जर्सीवर पांढरे नकाशे उमटत असतील तर मीठ थोडं वाढवा. ओआरएस वापरायचं असेल तर एक लिटरचं पाकीट एका लिटरलाच. कमी पाण्यात दाट केलं तर आतड्यात पाणी उलट ओढलं जातं आणि मळमळ सुटते. ओआरएसमध्ये साखर फार कमी असते, त्यामुळे त्याच्या जोडीला खाणं लागतं. दुकानात तशाच वेष्टनात मिळणारी गोड फळपेयं म्हणजे ओआरएस नव्हे. पाकिटावरचं वाचून घ्या.

किती प्यायचं? मोजलेल्या घामाच्या साठ-सत्तर टक्के. तासाला १.३ लिटर घाम जात असेल तर ८०० मिलि. त्याहून जास्त पोट घेत नाही, नुसतं डुचमळत राहतं. एकदम अर्धी बाटली संपवण्यापेक्षा दर दहा-बारा मिनिटांनी तीन मोठे घोट. पहाटे तहान लागत नाही आणि इथेच चूक होते : कात्रजपासून शिरवळपर्यंत दोन्ही बाटल्या संपल्याच पाहिजेत.

साधं पाणी भरपूर पिणं हाही एक धोका आहे. चार-पाच तास घामातून मीठ जात असताना नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम उतरतं. बोटं सुजून अंगठी घट्ट होते, पोट फुगतं, डोकं दुखतं, आणि माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी पितो. अशा वेळी पाणी थांबवा, खारट काहीतरी खा, थांबा. डोकेदुखी वाढली किंवा उलट्या सुरू झाल्या तर दवाखाना.

रस्त्यावर मिळणाऱ्यांपैकी मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत आणि कोकम उत्तम. उसाचा रस बिनबर्फाचा, आल्याचा, एकच ग्लास. रसवंतीवाल्याकडून बर्फ मागून घ्या, पण तोंडात घालू नका. रुमालात बांधून मानेमागे, जर्सीच्या आत ठेवा. तो वीस मिनिटं टिकतो आणि वितळून पाठीवरून उतरतो.

डिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या राइडआधी किंवा मधे घेऊ नका. शरीरात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडाला इजा करतात.

खाणं

तासाला ५० ग्रॅम कर्बोदकं हे लक्ष्य. बाटलीतली २५ ग्रॅम आणि एक मध्यम केळं, झालं. केळ्याऐवजी चार-पाच खजूर, किंवा राजगिऱ्याची वडी. चॉकलेटचे बार खिशात चिखल होतात. आदल्या रात्री वरण-भात, पहाटे साडेतीनला पोहे किंवा दोन केळी आणि अर्धा लिटर पाणी. शिरवळला तीन इडल्या, सांबार कमी. मिसळ आणि वडापाव परतीच्या दिवसासाठी राखून ठेवा. तेल पचवायला रक्त पोटाकडे जातं, कातडी थंड ठेवायलाही रक्तच लागतं आणि पायांना तर लागतंच. खंबाटकीत तिघांची ओढाताण होते आणि पोट हरतं.

रस्ता, टप्प्याटप्प्याने

*कात्रज.* जुन्या घाटाने जा. नव्या बोगद्याकडच्या महामार्गापेक्षा गाड्या कमी. पहाटे खरा प्रश्न कुत्र्यांचा. चढावर पळून सुटता येत नाही, म्हणून उतरा, सायकल मधे धरा आणि शांतपणे चालत त्यांची हद्द ओलांडा. बोगद्यात शिरण्याआधी मागचा दिवा लागलेला आहे ना, हे हात लावून बघा. पलीकडचा उतार अंधारात ३० च्या वर नको. दरडीचे बारीक दगड वळणाच्या आतल्या बाजूला पडलेले असतात.

*खेड शिवापूर ते शिरवळ.* सपाट, वेगाचा टप्पा, आणि म्हणूनच इथे आवरायचं. गार हवेत ताशी ३० सहज पडतात. २५ वर थांबा. साइडपट्टीवरून चाला, पण हॉटेलांच्या आणि सेवारस्त्यांच्या तोंडाशी डावीकडे एकदम वळणाऱ्या गाड्यांकडे लक्ष ठेवा. तिथे एकदा मागे बघून मुख्य लेनच्या कडेला थोडं आत या, म्हणजे तुम्हाला ओलांडून कुणी वळणार नाही. पुलांवर साइडपट्टी संपते, त्याच्या पन्नास मीटर आधीच हात दाखवा. नीरा ओलांडली की शिरवळ, सातारा जिल्हा.

*खंबाटकी.* साताऱ्याकडे जाणारी वाहतूक घाटाने चढते. चढ लांब नाही, पण ट्रक पहिल्या गिअरमध्ये धूर ओकत शेजारून जातात आणि तापून बंद पडलेले डावीकडे उभे असतात. बंद ट्रकला वळसा घालताना मागचा ट्रक येऊन गेल्याशिवाय बाहेर पडू नका. थांबण्यात काहीही कमीपणा नाही. नव्या बोगद्यांचं काम सुरू झाल्यापासून इथली वाहतूक व्यवस्था बदलत असते, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा.

*सुरूर ते वाई.* महामार्ग सोडल्यावर आवाज एकदम उतरतो. रस्त्याकडेच्या वडांच्या सावलीचा हा शेवटचा भरवशाचा तुकडा. वाईत शिरताना स्वतःची तपासणी करा : लघवीचा रंग फिका पिवळा आहे का, चहासारखा? सकाळपासून झाली आहे का? शंभरातून सात-सात वजा करत पाच पायऱ्या पटकन जातात का? यातलं एकही उत्तर वाईट असेल तर घाट संध्याकाळी. दोन्ही बाटल्या आणि तिसरी वाईतच काठोकाठ भरा, घाटात पाण्याचा भरवसा धरायचा नाही.

*पसरणी.* शाहीर साबळ्यांचं गाव असलेलं पसरणी मागे टाकलं की चढ सुरू होतो. वाई साधारण ७२० मीटरवर, पाचगणी १,३०० च्या आसपास; बारा किलोमीटरमध्ये ५८० मीटर, म्हणजे सरासरी पाच टक्क्यांच्या जरा आत. चढ सलग आहे, पण कुठे भिंतीसारखा उभा राहत नाही. खरा त्रास असा की ताशी नऊच्या वेगाला वारा लागत नाही. घाम वाळण्याऐवजी कोपरावरून टपटपतो, आणि टपकलेला घाम शरीर थंड करत नाही. म्हणून तिसरी बाटली इथे उघडा. दर दहा मिनिटांनी दोन घोटांएवढं पाणी टोपीवर, थोडं छातीवर, थोडं मांड्यांवर.

पहिले तीन किलोमीटर मुद्दाम हळू. हृदयाचे ठोके उन्हात त्याच जोराला दहा-पंधराने चढतात, त्यामुळे घड्याळावरच्या आकड्यापेक्षा श्वास खरा. अभंगाची एक अख्खी ओळ एका दमात तोंडाने म्हणता आली पाहिजे. मधेच तुटत असेल तर एक दाता हलका. तोही संपला असेल तर उतरा. वळणाच्या बाहेरच्या बाजूने चढ कमी आणि वारा जास्त असतो, पण समोरून येणाऱ्या बस वळणावर पूर्ण रस्ता घेतात. दिसत नसेल तिथे बाहेर जाऊ नका. बुवासाहेब मंदिरापाशी पाच मिनिटं थांबा, मग लागो न लागो. एका वेळी पाच-सात मिनिटांच्या वर बसलात तर पाय धरतात.

*पाचगणी ते महाबळेश्वर.* हवा चार-पाच अंशांनी उतरलेली असते आणि माणसाला वाटतं संपलं. भिलार फाट्यापासून वेण्णा तलावापर्यंत छोटे छोटे चढ येतच राहतात, आणि ऊन उंचीवर जास्त भाजतं. पाचगणीत जेवून चारपर्यंत आडवं व्हा, मग निघा.

उष्माघात : एकट्या माणसासाठी

एकटं असण्यातला धोका असा की निर्णय घेणारा मेंदूच आधी तापतो. म्हणून खुणा पाठ हव्यात. भर उन्हात अंगावर काटा, थंडी वाजणं. पाणी नकोसं होणं. सरळ रेषेत सायकल न राहणं. चिडचिड. यातली एक जरी खूण दिसली तरी ताबडतोब सावली, हेल्मेट-बूट काढून आडवं, पाय उंच, सगळं उरलेलं पाणी अंगावर ओतून वारा घ्या आणि घरी फोन करून ‘वीस मिनिटांनी पुन्हा करतो, नाही आला तर मला शोधा’ असं सांगा. अर्ध्या तासात बरं वाटलं तरी त्या दिवशी पुढे चढायचं नाही, वाईला उतरा. बोलण्यात गोंधळ, उलट्या किंवा चक्कर थांबत नसेल तर १०८. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं समजू नका. श्रमाने झालेल्या उष्माघातात कातडी घामाने भिजलेली असू शकते. रस्त्यावर हात करून गाडी थांबवायला लाजू नका. घाटातले ड्रायव्हर थांबतात.

घरच्यांना लाइव्ह लोकेशन द्याच, पण त्यावर भिस्त नको. शिरवळ, वाई, पाचगणी, महाबळेश्वर या चार ठिकाणांहून एक मेसेज, आणि ठरलेल्या वेळेनंतर एक तास उलटला तर त्यांनी काय करायचं हे आधीच बोलून ठेवा.

परत येताना

दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडताच निघा. पसरणी उतरताना सलग ब्रेक धरून ठेवू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोराने, वळणात सोडून. सलग दाबून ठेवलेला रिम ब्रेक रिम इतकी तापवतो की आतली ट्यूब फुटते. वजन ऐंशीच्या वर असेल किंवा पाठीमागे सामान असेल तर आणखी लवकर. कार्बन रिम आणि रिम ब्रेक अशी जोडी या घाटात आणूच नये, आणि प्लास्टिकसारख्या पातळ हलक्या ट्यूबही रिम ब्रेकबरोबर नकोत. मधे एकदा थांबून रिमजवळ तळवा न्या. धग लागत असेल तर पाच मिनिटं सावलीत, पाणी न ओतता.

वाईत पोचल्यावर ब्रेक-पॅड बघा. रबरात चमकणारे अॅल्युमिनियमचे कण रुतलेले असतात. ते सुईच्या टोकाने काढले नाहीत तर खंबाटकीपर्यंत रिमवर चरे पडतात. परतीची वाहतूक बोगद्यातून जात असेल तर दिवसाढवळ्याही दोन्ही दिवे लावा, काळा चष्मा आत शिरण्याआधी नाकावर खाली ओढा, आणि बोगद्यातून बाहेर पडताच येणाऱ्या उतारावर वेग आधीच कमी केलेला असू द्या : तिथलं इंग्रजी एससारखं वळण मागच्या ट्रकवाल्यालाही कठीण जातं.